अवघा आशिया, एकच चूल

पिंपरी-चिंचवड या उद्योगनगरीचा खाद्येतिहास लिहावयास कोणी बसलाच, तर त्याला आरंभीच एक गोष्ट नमूद करावी लागेल, ती ही की, परमुलखातून आलेले जे जे अन्न येथे स्थिरावले आणि पिढी-दोन पिढ्यांत येथलेच होऊन गेले, ते ते आणणाऱ्यांनी प्रथम स्वतःच्या भुकेसाठी रांधले होते. फाळणीनंतर घरदार सिंधमध्ये टाकून पिंपरीच्या कॅम्पात आलेल्या निर्वासितांनी दाल-पक्वानाच्या कढया चढवल्या, त्या मराठी गिऱ्हाइकाच्या जिभेचा अंदाज घेऊन नव्हे. सकाळी उठल्यावर तोंडाला जी चव हवीशी वाटे ती अन्यत्र कोठे मिळण्याजोगी नव्हती, एवढेच त्यामागचे कारण. 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना पिंपरीस झाली, पुढे भोसरी, आकुर्डी, चिंचवड येथे कारखान्यांची रांग लागली, आणि त्या कारखान्यांत चाकरीस आलेल्या मल्याळी, कानडी, तेलुगू मंडळींच्या मागून त्यांच्या त्यांच्या खाणावळीही आल्या. शेजारच्या यंत्रावर काम करणाऱ्या मराठी माणसाने एके दिवशी कुतूहलाने आत डोकावून पाहिले, त्याला ते अन्न रुचले, आणि मग तो घरच्यांनाही घेऊन गेला. आलेल्याने आधी आपल्यापुरते शिजवावे, मग शेजाऱ्यास बोलवावे, असा हा सर्वसाधारण क्रम.

अलीकडे हिंजवडीच्या वाटेवर वाकड, ताथवडे, पुनावळे या पट्ट्यात 'पॅन-एशियन' अशी पाटी मिरवणारी जी भोजनगृहे निघाली आहेत, त्यांनी हा क्रम पार उलटा केला आहे. तेथे जे शिजते ते मुदपाकखान्यात राबणाऱ्यांपैकी एकाच्याही घरी शिजत नाही, मालकाच्या घरी शिजत नाही, आणि खाणाऱ्याच्या घरी तर नाहीच नाही. ज्या अन्नाची कोणालाच भूक लागलेली नाही, असे अन्न मोठ्या आरासीने मांडून विकावयाचे, हा एक नवाच व्यवसाय उदयास आला आहे आणि त्याविषयी दोन शब्द लिहिण्याचा प्रसंग मजवर नुकताच आला.

ताथवडे हे गाव महानगरपालिकेच्या हद्दीत आले ते 2009 साली. तत्पूर्वी नृसिंहाचे देऊळ, पशुसंवर्धन खात्याचे वळूमाता प्रक्षेत्र आणि मुंबई-बंगळूर महामार्गाच्या कडेची शेते, एवढीच त्या गावची ओळख बाहेरच्यास सांगता येई. आता सातबाऱ्याच्या उताऱ्यांवर वीस-पंचवीस मजली मनोरे उभे राहिले आहेत, अभियांत्रिकी व व्यवस्थापनाची महाविद्यालये आली आहेत, आणि सायंकाळी हिंजवडीहून परतणाऱ्या मोटारींचा जो लोंढा लागतो त्यातील निम्म्या मंडळींना घरी जाऊन कुकर लावण्याचे त्राण उरलेले नसते. अशा ठिकाणी भोजनगृहे निघणे हे क्रमप्राप्तच आहे. त्याविषयी तक्रार करणे म्हणजे पावसाविषयी तक्रार करण्यासारखे आहे.

माझ्या पुतण्याला बढती मिळाली, तत्प्रीत्यर्थ त्याने आम्हा सर्व वडीलधाऱ्यांस ताथवड्यातील अशाच एका भोजनगृहात नेले. (नाव सांगत नाही, एका दुकानाविरुद्ध फिर्याद गुदरण्याचा माझा हेतू नाही, आणि दोष एका दुकानाचा नाहीही.) "काका, इथे सगळं मिळतं," असे तो मोठ्या उत्साहाने म्हणाला. ते खरेच होते. हाती आलेले मेनू कार्ड बादशाही दप्तरातील मुलुखांच्या जंत्रीसारखे जाडजूड होते: चीन, जपान, कोरिया, व्हिएतनाम, थायलंड, ब्रह्मदेश, मलेशिया, इंडोनेशिया, प्रत्येकास एकेक प्रकरण. एवढ्या विस्तीर्ण भूभागाचा बंदोबस्त पाठीमागच्या ज्या एका खोलीतून चालला होता, तिचे दार वरचेवर उघडझाप होत असल्यामुळे मला सहज दिसत होते. तेथे दोन मोठ्या शेगड्या, एक वाफवण्याचे यंत्र, एक तळण्याची कढई आणि तीन-चार शीतकपाटे होती.

प्रथम टॉम यम आले. थायलंडच्या या आंबट-तिखट साराचा आधार म्हणजे गवती चहाच्या ठेचलेल्या दांड्या, आल्याच्याच कुळातील गलांगल नावाचा कंद आणि मकरुत लिंबाची पाने. लिंबाचा रस त्यात भांडे विस्तवावरून उतरवल्यावर पिळावयाचा, म्हणजे त्याची टवटवी शाबूत राहते. आमच्यापुढे जे ठेवण्यात आले ते कॉर्नफ्लॉवर लावून दाट केलेले टोमॅटोचे सूप होते आणि त्यास आंबटपणा आणला होता तो सिरक्याने. पाठोपाठ हिरवी करी आली. ती हिरवी होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु या करीचे मर्म रंगात नसून क्रियेत आहे: नारळाचा पहिला, दाट रस तव्याच्या उष्णतेवर आटवत न्यावयाचा, तो फुटून तेल वर आले की त्या तेलात वाटण परतावयाचे, आणि मग पातळ रस घालावयाचा. तेल सुटेपर्यंत परतणे म्हणजे काय, हे कोकणातील कोणत्याही गृहिणीला समजावून सांगावे लागणार नाही. येथे मात्र पाकिटातले दूध आणि बाटलीतले वाटण यांची एकमेकांशी ओळखही झालेली नव्हती; दोघे एका वाडग्यात परक्यासारखे बसून होते, आणि त्यांच्यात साखर मात्र सढळ हाताने पडली होती.

सुशीचा प्रकार त्याहून दुःखद. या पदार्थात मासा मिरवतो, पण परीक्षा असते भाताची: आखूड दाण्याचा, चिकट, सिरका-साखर-मीठ लावलेला भात हाताला कोमट लागेल इतपतच निवलेला असावा लागतो. शीतकपाटात ठेवलेल्या भातातील पिष्ट घट्ट होते आणि दाणा खडबडीत, कणीदार लागू लागतो. शिळ्या भाताला फोडणी देण्याची आपली वहिवाट याच कारणाने पडली असावी. आम्हांस मिळालेल्या सुशीचा भात असाच थंडगार आणि टणक होता, त्यावरील समुद्री शेवाळाची पट्टी दमट होऊन चिवट बनली होती. आणि हे कोठे, तर मावळच्या तोंडाशी! ताथवड्याहून पश्चिमेकडे थोडे अंतर गेले की जो भाताचा मुलूख लागतो, त्यातील वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून इंद्रायणी हे वाण सिद्ध केले, आणि त्या तांदळाचा मऊ, चिकट, सुवासिक भात हा आज पुणे जिल्ह्यातील घरोघरच्या कौतुकाचा विषय आहे. तो सुशीला चालेलच असे मी म्हणत नाही, ते जपानी आचाऱ्याने ठरवावे. पण थाई करीसोबत आम्हांला लांब दाण्याचा, कडक, एकमेकांशी अबोला धरलेला जो भात वाढण्यात आला, त्यापेक्षा तो खचितच चालला असता.

रामेनच्या वाडग्यात हक्का नूडल्स होत्या. कोणास वाटेल, शेवया त्या शेवया, त्यात एवढे काय? परंतु रामेनच्या शेवयांची कणीक कानसुई नामक क्षारयुक्त पाण्यात मळतात. सोडियम व पोटॅशियम यांचे कार्बोनेट हा त्यातील मुख्य ऐवज. त्या क्षारानेच शेवयांना पिवळसर झाक व ताण येतो, आणि उकळत्या रश्श्यात पडूनही त्यांचा गाळ होत नाही. उन्हाळ्यात पापडखार घालून पापडाचे पीठ कुटणाऱ्या आपल्या बायकांनी हे रसायन ऐकल्याबरोबर मान डोलावली असती. वाडग्यातील त्या साध्या शेवया मात्र माझा पहिला घोट घेऊन होईतो लगदा होऊन बसल्या. डिमसमविषयी काही लिहीत नाही. ते कारखान्यातून गोठून आले होते आणि मधोमध अद्याप गोठलेलेच होते.

आमच्या पंगतीत माझ्या वहिनी शाकाहारी, तर पुतण्याच्या सासुरवाडीची मंडळी जैन. त्यांच्यासाठी कार्डावर जागोजाग सोय लिहिलेली होती, आणि ती सोय म्हणजे वजाबाकी: त्याच पदार्थातून मासळीचे पाणी काढले, लसूण काढला, कांदा काढला, आणि उरलेले वाढले. वजाबाकीतून बेचवपणा निष्पन्न होणार यात नवल ते काय? वस्तुतः जपानातील बौद्ध मठांत शोजिन र्‍योरी या नावाची एक संपूर्ण शाकाहारी परंपरा शतकानुशतके नांदत आली आहे, आणि तीत मांस-मत्स्याबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य आहे. कोंबू हे समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या शिताके अळंब्या भिजवून-उकळून ते लोक असा काही रस काढतात की त्यास मासळीची उणीव भासत नाही. त्याच कोंबूच्या काढ्यातून 1908 साली टोकियोच्या साम्राज्य विद्यापीठातील प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी ग्लुटामेट वेगळे काढले आणि पुढल्या वर्षापासून ते अजिनोमोटो या नावाने बाजारात आले. म्हणजे, आपल्या हातगाड्यांवर चिमटीचिमटीने पडणारी ती पांढरी भुकटी मुळात एका शाकाहारी रसाच्या चिंतनातून जन्मली. पण मेनू कार्डाच्या कर्त्याने आशियाचा नकाशाच तेवढा पाहिला होता. तेथे कोण काय खात नाही, आणि न खाता कसे सुग्रास जेवते, याची चौकशी करण्याची गरज त्यास भासली नव्हती.

येथे एका संभाव्य गैरसमजाचे निरसन केले पाहिजे. शुद्धतेचा सोवळेपणा मी सांगत नाही. आपल्या गल्लोगल्लीचे चायनीज चीनमध्ये कोणी ओळखणार नाही, तरी त्याचा मी चाहता आहे, कारण ते कोणाचे तरी आहे. कलकत्त्याच्या टँग्रा भागात चामडे कमावण्याच्या धंद्यासाठी वसलेल्या हक्का चिनी कुटुंबांनी बंगाली बाजारात मिळेल त्या भाजीपाल्यावर आपली कढई चालवली, तीतून ही शाखा फुटली. आणि कलकत्त्यातच जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी 1975 च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आले, लसूण आणि हिरवी मिरची यांस गरम मसाल्याऐवजी सोया सॉस लावून चिकन मंचुरियन सिद्ध केले, असे सांगतात. मांचुरियाशी त्याचा संबंध नाही, म्हणून काय झाले? ते एका माणसाच्या हातचे होते. त्याच्या दोन्ही मुलुखांची त्यात साक्ष होती. शेजवान चटणीबाबत मात्र माझी किंचित तक्रार आहे. सिचुआनच्या ज्या फळाने जिभेला मुंग्या येतात, ते तीत कधीच नसते. आणि त्या फळाचे सख्खे भावंड, एकाच वनस्पतिकुळातील तिरफळ, आपल्या कोकणात बांगड्याच्या आमटीत रोज पडते. ही भावंडांची भेट घडवून आणण्याचे कोणाच्या मनात येत नाही, याची चुटपुट लागून राहते.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आम्हांस वाढणारा मुलगा अत्यंत अदबशीर होता. काळा रेशमी अंगरखा, त्यावर सोनेरी नाग, अशा वेषात त्याला उभे केले होते. त्याला हा पोशाख आणि ही जागा कशामुळे मिळाली, हे उघड होते. त्याच्या चेहऱ्याने भोजनगृहाच्या सजावटीस पूर्णता येते, असा मालकाचा हिशेब असावा, आणि हा हिशेब मला तेथील कोणत्याही पदार्थाहून अधिक बेचव वाटला. मी त्याला गाव विचारले. तो कालिम्पाँगचा निघाला. मुदपाकखान्यात आणखी तिघे होते, एक सिक्कीमचा, दुसरा मणिपूरचा, तिसरा पूर्व नेपाळचा. तुम्ही स्वतः काय जेवता, असे विचारल्यावर तो क्षणभर घुटमळला आणि मग त्याचा चेहरा उजळला. रात्री दुकान मिटल्यावर, तो म्हणाला, आम्ही भात आणि गुंद्रुकचे सार करतो. घरून कोणी आले असले तर किनेमा असते, आणि डल्ले मिरचीचे लोणचे तर बारा महिने.

गुंद्रुक म्हणजे मोहरीचा पाला आंबवून वाळवलेला. आणि किनेमा म्हणजे काय, हे सांगताना मला थोडे थांबावेसे वाटते. सोयाबीन शिजवून, किंचित ठेचून, पानांत गुंडाळून चुलीजवळच्या उबेत दोन-तीन दिवस ठेवतात. ते आंबून त्याला तार सुटते, उग्र वास येतो, मग ते परतून भातावर घेतात. दार्जिलिंग, सिक्कीम व पूर्व नेपाळ येथील लिंबू व राई लोकांचे हे पूर्वापार अन्न. मणिपूरचे हवाइजार, नागभूमीचे अखुनी ही त्याचीच भावंडे, आणि जपानी माणूस रोज सकाळी भातावर जे तार सुटलेले नात्तो घेतो ते बहुतांशी त्याच सूक्ष्म जीवाणूचे कर्तृत्व. सासुके नाकाओ नावाच्या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाने या आंबवलेल्या सोयाबीनचा माग काढता काढता आशियाच्या नकाशावर एक त्रिकोणच आखला होता: एक टोक जपानात नात्तोपाशी, दुसरे जावा बेटात तेंपेपाशी, आणि तिसरे हिमालयाच्या कुशीत किनेमापाशी. त्याच्या सिद्धांताविषयी पंडितांत मतभेद असतील, असावेत. परंतु अवघ्या आशियाला एका सूत्रात ओवणारे काही खरोखर असेल, तर ते या त्रिकोणात आहे. आणि त्या त्रिकोणाच्या तिसऱ्या टोकाशी जन्मलेला, लहानपणापासून तो वास घेतच वाढलेला मुलगा ताथवड्यात माझ्यापुढे उभा राहून, बाटलीतल्या सॉसने माखलेली जपानी म्हणवणारी सुशी मला वाढत होता!

आम्ही व्यवस्थापकास विनंती केली की, तुमची माणसे जे जेवणार आहेत त्यातले वाटीभर आम्हांस मिळेल काय. जो काही आकार असेल तो लावा. तो बिचारा गोंधळला. ते कार्डावर नाही, एवढेच नव्हे, तर बिलाच्या यंत्रात त्यास कोडच नाही, तेव्हा ते देता येणार नाही, असे त्याने नम्रपणे सांगितले. सेवा शुल्काचा कोड मात्र यंत्रात होता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये असे शुल्क बिलात परस्पर लावण्यास मनाई केली आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ती मनाई उचलून धरली, हे पुतण्याने निदर्शनास आणताच ते निमूटपणे वजा झाले. ते पैसे त्या मुलाच्या हातावर ठेवले, तेव्हा त्याने ते घेताना आधी व्यवस्थापकाकडे पाहिले.

मालकवर्गाची कैफियत मला ठाऊक आहे, आणि ती सर्वस्वी खोटी नाही. ताथवड्यातील जागेचे भाडे जबर, गिऱ्हाईक आठ जणांच्या घोळक्याने येणार, त्यातील एकास सुशी हवी, दुसऱ्यास मंचुरियन, मुलांना मोमो आणि आजोबांना काहीतरी तिखट. मग कार्ड आखूड कसे ठेवावे? आम्ही गिऱ्हाईकही असे की, आम्हांस नवे हवे असते पण अनोळखी नको असते. पदार्थाचे नाव समुद्रापारचे असावे आणि चव कोपऱ्यावरच्या गाडीची असावी, अशी आमची अपेक्षा. या दोन अपेक्षांच्या मधोमध सापडून आचारी तीन सॉस करून ठेवतो, एक काळा, एक तांबडा, एक पांढरा, आणि आठही देशांचा कारभार त्या तिघांच्या मुखत्यारीत चालतो. तळेगावात जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतल्यापासून आणि रांजणगावात एलजीसारख्या कंपन्या पूर्वीपासून असल्यामुळे, कोरियन माणूस या परिसरात दुर्मीळ राहिलेला नाही. पण त्याला घरच्या जेवणाची आठवण झाली तर तो ज्या लहानशा खाणावळीत जातो, तेथे कार्ड दोन पानांचे असते आणि त्यावर सुशी नसते. त्याचा देशबंधू त्याच्यासाठी आणि स्वतःसाठी शिजवीत असतो.

गुंद्रुक-किनेमासारखे अन्न येथे खपणार नाही, हा मालकांचा दुसरा मुद्दा. तो मला मुळीच मान्य नाही. डांगे चौकाच्या आसपास सायंकाळी कोणीही उभे राहून पाहावे: महाविद्यालयीन मुले मोमोच्या गाड्यांभोवती कशी कोंडाळे करून असतात! मोमो काही मराठी पदार्थ नव्हे. तो तिबेट-नेपाळचा घाट उतरून आला, कोणा पाटीच्या, कंदिलाच्या वा सोनेरी बुद्धमूर्तीच्या साहाय्यावाचून आला, आणि त्याला आणणाऱ्यांनी तो आधी आपल्यासाठी केला होता म्हणूनच टिकला. त्याच वाटेने गुंद्रुकला का येता येऊ नये? कार्डाचे शेवटचे पान, जेथे सध्या चॉकलेट भरलेले तळीव स्प्रिंग रोल आणि निळ्या रंगाची सरबते आहेत, तेवढे जरी मालकाने मुदपाकखान्यातील त्या चौघांच्या हवाली केले, त्यांच्या गावांची नावे घालून त्यांचे चार पदार्थ छापले आणि बिलाच्या यंत्रात चार कोड घातले, तरी मला वाटते दुकानाचे भांडवल बुडणार नाही. किनेमाच्या वासाची अडचण होईल म्हणाल, तर खिडक्या उघडाव्यात. सुकट भाजताना आपण दुसरे काय करतो?